अंगठ्याखालचा गारवा

वरोऱ्यात त्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्याच आठवड्यात पारा सत्तेचाळीसवर गेला, आणि सकाळचे अकरा वाजले की मोरेश्वर आवारीचं बोलणं बंद पडू लागलं.

तसं तोंडानं तो दोन वर्षांत एक शब्द बोलला नव्हता. मेंदूच्या बुडाशी रक्ताची गुठळी अडकली आणि एका सकाळी जीभ, ओठ, हातपाय सगळंच त्याच्या ताब्यातून गेलं. उरले ते डोळे आणि उजव्या हाताचा अंगठा, तोही जेमतेम. डोकं मात्र पूर्वीसारखंच लख्ख चालत होतं. एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून तीस वर्षं काढलेला हा माणूस हिवाळा लागला की जिल्हाभरातल्या कबड्डी सामन्यांचं धावतं वर्णन करायचा. माईकवर मोरूभाऊ आहेत म्हटलं की भद्रावती, वणीपासून लोक यायचे. खेळापेक्षा त्याच्या जिभेचा वेग ऐकायला. आणि जीभच गेली.

मग नागपूरच्या डॉक्टरांनी त्याच्या कवटीखाली टपालाच्या तिकिटाएवढी एक पातळ जाळी बसवली. बोलायचं ठरवलं की मेंदूचा एक ठरावीक भाग ओठांना, जिभेला हुकूम सोडतो. मोरेश्वरचे हुकूम सुटत होते, पण पुढचा रस्ता तुटला होता. जाळी ते हुकूम मध्येच पकडायची आणि खुर्चीमागच्या पेटीकडे पाठवायची. पेटीतला प्रोसेसर त्यांचे शब्द बनवायचा, पडद्यावर दाखवायचा, आणि जुन्या सामन्यांच्या ध्वनिमुद्रणांतून जुळवलेल्या मोरेश्वरच्याच आवाजात बोलायचा. माणसाच्या मेंदूतलं काहीही घराबाहेरच्या यंत्राकडे जाता कामा नये असा कायदा झाला होता, त्यामुळे सगळं गणित त्या पेटीलाच घरात बसून करावं लागे.

आणि पेटी तापायची. प्रोसेसरला उष्णता सोसेनाशी झाली की तो जळू नये म्हणून आपण होऊन काम मंदावतो. उन्हातला गवंडी दर दहा मिनिटांनी सावलीला जाऊन बसतो तसा. थंडीच्या दिवसांत मिनिटाला तीस शब्द बोलणारा मोरेश्वर एप्रिलमध्ये तीन-चार शब्दांवर आला, आणि भर दुपारी पडदा नुसता कोरा राहू लागला. एसी लावायचीही सोय नव्हती. उन्हाळ्यात वीज पुरत नसल्यानं दुपारी बारा ते पाच सगळ्या गावातल्या एसींची वीज मीटरमधूनच तोडली जाई. पंखे आणि फ्रीज तेवढे चालू राहत.

मोरेश्वरची बायको रंजना घराच्या पुढच्या खोलीत फ्रीज दुरुस्तीचं दुकान चालवायची. हे काम ती माहेरी, वडिलांच्या बर्फाच्या कारखान्यात शिकली होती. एका दुपारी तीनच्या सुमाराला ती गिऱ्हाईक वाटेला लावून आत आली, तर मोरेश्वरचा पाय खुर्चीच्या पायरीवरून घसरून खिडकीच्या लोखंडी गजाला टेकला होता. गजावर ऊन होतं. पोटरीवर तळहाताएवढा फोड आला होता. मोरेश्वरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो किती वेळ हाक मारत होता कोण जाणे. पडद्यावर फक्त एक अक्षर उमटलं होतं, "रं".

मलम लावून झाल्यावर तिनं पेटीच्या कंपनीला फोन केला. पुढच्या वर्षी नवी पेटी येणार आहे, तोवर रुग्णाला गार खोलीत ठेवा, असं तिकडच्या मुलीनं अगदी गोड आवाजात सांगितलं. रंजनानं फोन ठेवला आणि ती दुकानाच्या मागच्या भंगारात शिरली.

तिथं एक दीड फुटी फ्रीज पडून होता. लॉजच्या खोल्यांत ठेवतात तसा. दार मोडलेलं, पण कॉम्प्रेसर धडधाकट. पेटी उचलून फ्रीजमध्ये ठेवली की झालं, असं कुणालाही वाटलं असतं. रंजनाला माहीत होतं की तसं केलं तर आठवड्यात फ्रीज जळेल. फ्रीज दुधाच्या पातेल्यासाठी बनवलेला असतो. पातेलं एकदा गार झालं की कॉम्प्रेसर विश्रांती घेतो. पेटी म्हणजे आत ठेवलेली पेटती शेगडी. ती विझणार नाही आणि कॉम्प्रेसरला श्वास घ्यायला मिळणार नाही. पण त्यातच एक सोय होती. फ्रीजची सगळी ताकद बर्फ करण्यात खर्च होते. बर्फ नको, नुसतं गार पाणी हवं म्हटलं, तर तोच कॉम्प्रेसर कितीतरी जास्त उष्णता ओढून काढू शकतो.

तिनं आतला गॅस न सोडता फ्रीजरची प्लेट अलगद बाहेर वळवली आणि थर्माकोलनं मढवलेल्या स्टीलच्या मोठ्या डब्यात बुडवली. डब्यात पाणी आणि गाडीच्या रेडिएटरचं कूलंट. कूलरचा छोटा पंप ते पाणी दोन नळ्यांतून फिरवणार आणि नळ्यांच्या टोकाला तांब्याचा पोकळ ठोकळा, तो थेट प्रोसेसरच्या पाठीवर. फ्रीजचा थर्मोस्टॅट काढून तिनं तो डब्याला बसवला.

दर पंधरवड्याला नागपूरहून येणारी फरहीन ही वाचाउपचाराची डॉक्टर मुलगी. ती हे सगळं पाहून घाबरली. गार ठोकळ्यावर हवेतली वाफ जमली, पाणी पेटीत उतरलं तर काकांचा आवाज कायमचा जाईल, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं. ताकाच्या गार पेल्याला बाहेरून पाणी सुटतं तेच इथंही होणार. रंजनानं पेटीच्या आतल्या भागावर व्हार्निशचा हात फिरवला, ठोकळ्याभोवती रबराचा फोम घट्ट भरला आणि म्हणाली की सध्या वरोऱ्याच्या हवेत वाफच नाही, पावसाळ्यापर्यंत आणखी काही सुचेल.

दुपारी दोन वाजता पेटी सुरू केली. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. पडद्यावर शब्द उमटले आणि पाठोपाठ आवाज आला.

"रंजना, पाय दुखते."

 एवढ्या साध्या तीन शब्दांनी रंजनाला रडू आलं. त्या दुपारी मोरेश्वर पाच वाजेपर्यंत बोलला: आगाराबद्दल, फोडाबद्दल, शेजाऱ्यांच्या रेडिओबद्दल.

पुढच्या दिवसांत रंजनाच्या लक्षात आलं की डबा जितका गार, तितका तो जास्त वेगानं बोलतो. चाळीस शब्द, साठ, नव्वद. तिनं थर्मोस्टॅटची खुंटी रोज थोडी फिरवली. डब्यातलं पाणी दहा अंशांवर आलं तेव्हा मोरेश्वर जवळजवळ धडधाकट माणसासारखा बोलू लागला.

त्याच सुमाराला रंजनाचा भाऊ पुंडलिक भेटायला आला. मोरेश्वरनं त्याला या, बसा म्हटलं, घरच्यांची विचारपूस केली. पुंडलिक नेहमीसारखा ऐसपैस बसला आणि स्वतःच्या गुडघ्यांविषयी सांगू लागला. मध्येच पेटी मोरेश्वरच्या आवाजात म्हणाली, "याचा चहा झाला. आता हा उठन कधी."

पुंडलिक आधी गोरामोरा झाला, मग पोट धरून हसला. मोरूभाऊची जीभ परत आली म्हणत तो गेला. रंजनाही हसली. पण मोरेश्वर हसत नव्हता. तो पडद्याकडे असा बघत होता, जणू ते वाक्य दुसऱ्याच कुणीतरी बोललं होतं.

रंजनाला तेव्हाच कळलं. मोरेश्वर हे बोलला नव्हता. हे त्याच्या मनात आलं होतं.

तिनं ते त्याला सांगायला हवं होतं. फरहीनला फोन करायला हवा होता. तिनं दोन्ही केलं नाही. दोन वर्षं ती या माणसाला रोज पुसत होती, भरवत होती, कुशीवर वळवत होती, आणि तो मिनिटाला पंचवीस-तीस शब्दांत ठीक आहे, पाणी दे, तू जेव एवढंच म्हणत आला होता. त्याच्या आत खरोखर काय चाललंय हे तिला माहीत नव्हतं. ते आता ऐकू येत होतं. भाजीत मीठ कमी. पाखरं आली. हिचे हात किती खरखरीत झाले. ती काम करता करता कान देऊन ऐकत राही. एखादा शब्द निसटला की मोरेश्वर पडद्याकडे बघे. पेटीतच काही बिघाड आहे असं त्याला वाटत असावं.

चौथ्या दिवशी ती आणखी पुढं गेली. आदल्या पावसाळ्यात, अगदी थकून गेली असताना, ती नागपूरच्या एका सेवाकेंद्राचा फॉर्म घेऊन आली होती. तिथं मोरेश्वरसारखी माणसं कायमची ठेवून घेतात. तिनं तो भरला नाही, पण मोरेश्वरनं तो पाहिला होता, आणि त्यावर दोघंही कधी बोलले नव्हते. तिनं खुंटी शेवटपर्यंत फिरवली, अर्धा तास जाऊ दिला आणि त्याच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसली.

"त्या फॉर्मचा राग आहे का जी माझ्यावर?"

"नाही," मोरेश्वर म्हणाला. "राग कायचा? तू थकली होती."

आणि क्षणभरानं पेटी बोलली, त्याच आवाजात, न थांबता: "राग हाय. भेव हाय. आज नाही तं उद्या ठेवनच ही. मी झोपलो की उचलून नेतीन. काहून विचारते आता. ऐकू येते का हिले. हे बाहेर येऊन राह्यलं का. रंजना. बंद कर. बंद कर. बंद कर."

तिनं पेटीची वीज बंद केली. खोलीत फक्त पंख्याचा आवाज राहिला. मोरेश्वरनं डोळे मिटले आणि संध्याकाळी ती जेवण घेऊन आली तरी उघडले नाहीत.

फरहीन दोन दिवसांनी आली. रंजनानं तिच्यापासून काही लपवलं नाही. फरहीननं समजावून सांगितलं की माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हाही मेंदूचा तोच भाग कुजबुजत असतो. साध्या तापमानाला पेटीची ताकद कमी पडते; तिला मोठ्यानं दिलेले हुकूम तेवढे कळतात, कुजबूज ती कचरा म्हणून टाकून देते. प्रोसेसर इतका गार झाला की पेटी आपली मोठी आज्ञावली उघडते, आणि तिचे कान फार तिखट असतात. घरातली पेटी एवढी गार कुणी करील असं ती बनवणाऱ्यांना वाटलंच नसणार.

"काकू, मला हे कंपनीला कळवावं लागेल," फरहीन म्हणाली. "ते वेगावर कुलूप लावतील."

रंजनानं मान हलवली. तिला वेगाचं काही वाटत नव्हतं. मोरेश्वरनं त्या दुपारपासून पेटी सुरूच करू दिली नव्हती. ती बटणाकडे गेली की तो डोळे मिटून घेई.

अकरा दिवस असे गेले. तिनं सांगून पाहिलं की खुंटी मधोमध ठेवते, तीस अंशांवर, तिथं फक्त बोललेलंच बाहेर येतं. त्यानं डोळे मिटले. ती खुंटीवर चिकटपट्टी लावायला तयार झाली. त्यानं डोळे मिटले. शेवटी तिनं पहिल्या महिन्यांत वापरायचे तो अक्षरांचा पुठ्ठा काढला आणि त्याच्यासमोर धरला. ती एकेका अक्षरावर बोट ठेवायची. हवं ते अक्षर आलं की तो पापणी मिटायचा. एक वाक्य व्हायला पाव तास लागला.

बटन तुह्यापाशी हाय.

रंजनानं पुठ्ठा खाली ठेवला. मग ती उठून दुकानात गेली आणि शटर अर्धं ओढून कामाला लागली.

खुंटी त्याच्या हातात द्यायची तर ती फिरवायला मनगट हवं. त्याच्याकडे एक अंगठा होता, तोही पेरभर हलणारा. शिवाय डबाभर पाणी गार-गरम व्हायला अर्धा तास लागतो. मनातली गोष्ट लपवायला माणसाकडे अर्धा तास नसतो. तिनं आठ दिवस जोडाजोड केली, दोनदा मोडली. शेवटी दोन डबे झाले. एकात फ्रीजनं गार केलेलं पाणी, दुसऱ्यात पेटीच्याच उष्णतेनं कोमट झालेलं. दोन्हींच्या मध्ये वॉशिंग मशीनमधला विजेचा व्हॉल्व्ह, आणि त्याची तार मोरेश्वरच्या उजव्या हाताखालच्या, दाबायच्या मऊ कळीपर्यंत. अंगठा दाबलेला असेल तोवर गार पाणी ठोकळ्यातून फिरणार. अंगठा उचलला की कोमट. तांब्याचा ठोकळा काडेपेटीएवढाच. चार-पाच सेकंदांत त्याचं तापमान बदले आणि पेटीचे कान बंद होत. ते चार-पाच सेकंदही नकोत म्हणून अंगठा उचलताच पेटीचा भोंगा आणि पडदा तेवढ्यापुरता तोडणारा एक रिले, म्हणजे विजेचा खटका, तिनं मध्ये घातला.

तिनं त्याचा अंगठा कळीवर ठेवला, सगळं दाखवलं, आणि थर्मोस्टॅटची खुंटी पकडीनं मोडून काढून टाकली. मग पेटी सुरू करू का म्हणून विचारलं. त्यानं डोळे उघडे ठेवले.

अंगठ्यानं कळी दाबली नव्हती. शब्द सावकाश आले, एकेक, त्यानं ठरवून उच्चारलेले.

"तू चोरून ऐकलं."

"हो," रंजना म्हणाली. "चार दिवस. तुम्हाला सांगायला पायजे होतं."

 ती पुढं बोलली, कारण पडदा कोरा होता आणि आता तिची पाळी होती.

"फॉर्म मी आणला तेव्हा खरंच थकली होती जी. पुढंही थकीन, नाही थकणार असं खोटं सांगत नाही. पण तुम्हाला विचारल्याबिगर या घरातून तुम्हाला कुठं नेणार नाही. आणि ते काय म्हणाले होते तुम्ही मनात, झोपेत उचलून... तसं तर कधीच नाही."

मोरेश्वर म्हणाला, "चहा ठेव." आणि ती ओट्यापाशी पोचेस्तोवर, "दोन कप."

फरहीनचं पत्र कंपनीत पोचलं. जूनच्या शेवटी बंगळूरहून एक शांत, चष्मेवाला इंजिनिअर आला. तो दोन तास डब्यांपुढे उकिडवा बसून राहिला. कुलूप लावायचं पत्र त्याच्या पिशवीत होतं. मोरेश्वरनं त्याला इंग्रजीत एकच वाक्य सांगितलं, की दार बंद करण्यापेक्षा कडी आतून लावून द्या. इंजिनिअरनं कळीचे फोटो काढले, रंजनाकडून व्हॉल्व्हचा आराखडा कागदावर उतरवून घेतला आणि पत्र न काढताच परत गेला. ऑगस्टमध्ये कळवलं गेलं की नव्या पेट्यांत अशीच कळी येणार आहे, शरीराचा जो भाग हलत असेल त्याच्याखाली. पावसाळ्यात ठोकळ्याला पाणी सुटलंच. पेटी पाच दिवस बंद होती. रंजनानं फोमवर मेणाचा थर दिला. तेव्हापासून पुन्हा थेंब दिसला नाही.

मोरेश्वर अंगठा क्वचित दाबत असे. कधी पेपर वाचताना, कधी रंजना दुकानात असताना, एकट्यानंच, स्वतःचा वेग ऐकायला. मग ऑक्टोबरमध्ये एका सकाळी तो म्हणाला की धावतं वर्णन करताना मनात आलेलं आणि तोंडातून निघालेलं यांत मध्ये काही नसतंच. तिथं थांबून विचार करणारा माणूस चालत नाही. रंजनाला तो काय मागतोय हे कळायला दोन मिनिटं लागली.

जानेवारीत भद्रावतीला मुलींच्या जिल्हास्तरीय कबड्डीची अंतिम लढत होती. आयोजकांना आवारी मोरेश्वर हे नाव आठवत होतं. त्यांनी विचारलं, किती वेळ जमेल? मोरेश्वरनं उत्तरार्ध मागितला. पुंडलिकच्या विजेवर चालणाऱ्या टेंपोत खुर्ची, पेटी, दोन डबे आणि दीड फुटी फ्रीज चढला. मैदानावर व्यासपीठाच्या कोपऱ्यात फ्रीज ठेवलेला पाहून पोरं त्यात कुल्फी आहे का विचारत होती.

मध्यंतर संपलं. पंचांनी शिट्टी दिली. रंजना खुर्चीमागे पंपाजवळ उभी होती. तिनं त्याचा अंगठा दबताना पाहिला.

आणि भोंग्यातून आवाज सुटला. "वरोऱ्याची सहा नंबर निघाली, पाय हलका, नजर डाव्या कोपऱ्यावर, डावा कोपरा झोपलाय, झोपलाय, गेली! बोनस! अगं परत फिर, साखळी येते, साखळी आली, सुटली बापा!" मैदान उठून उभं राहिलं. जुनी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. पंधरा मिनिटं तो थांबला नाही. मध्येच, दोन चढायांच्या मधल्या उसंतीत, सगळ्या भद्रावतीनं ऐकलं: "मान अवघडली. रंजना कुठं गेली. मागंच असन. चार नंबर निघाली!" लोक हसले. रंजनानं पुढं होऊन त्याची मान सरळ केली. त्याला अंगठा उचलता आला असता. त्यानं उचलला नाही, कारण चार नंबर मधल्या रेषेपासून दोन हातांवर होती आणि तिला तिघींनी धरलं होतं.

वरोरा तीन गुणांनी हरलं. मोरेश्वरला त्याचं खरंखुरं वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणंही भोंग्यातून सगळ्यांना ऐकू गेलं.

परतताना ऊन कलतं झालं होतं. पुंडलिक टेंपो चालवत होता. मागे ताडपत्रीखाली मोरेश्वरच्या खुर्चीला पट्टे बांधलेले, शेजारी फ्रीज घरघरत होता आणि रंजना डब्यावर हात ठेवून बसली होती. तिनं पाहिलं, त्याचा अंगठा अजून कळीवर होता. ती काही विचारत नव्हती. तो बोलत होता, वेडंवाकडं, तोडून तोडून. सहा नंबरच्या पोरीला कुणीतरी चांगलं शिकवायला हवं. भूक लागली. रस्ता खराब. पुंडलिक खड्डा पाहत नाही. हिचा चेहरा उन्हानं लाल झाला. आज बरं वाटलं. भेव अजून हाय, थोडं. फेब्रुवारीत वणीला सामने आहेत, बोलावतील का. हिनं जेवलं नाही दुपारी.

रंजनानं जेवणाच्या डब्यातली एक पोळी काढली आणि त्याला दिसेल अशी खाल्ली.

माजरीच्या पुढे रेल्वे फाटकाशी टेंपो थांबला. मालगाडी जायची होती. मोरेश्वरनं तिच्याकडे पाहिलं, आणि अंगठा उचलला. भोंगा गप्प झाला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चाललेलं तिला दिसत होतं, बराच वेळ. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग कोळशाचे डबे मोजत बसली. पुढचं त्याचं त्याच्यापाशी होतं, आणि तिला ऐकायची घाई नव्हती.